पूर, पक्षकार आणि मुदत

न्यायालयाचे दार सर्वांस उघडे असते, असे आपण म्हणतो. परंतु त्या दारापर्यंत जाणारी वाटच पुराने वाहून गेली तर? ऑगस्ट २०२१ मध्ये सिंध नदीस महापूर आला. आमच्या ग्वाल्हेरशेजारच्या दतिया जिल्ह्यात पूल कोसळले. शिवपुरी व श्योपूरकडील गावे पाण्याने वेढली. अशा दिवशी एखाद्या शेतकऱ्याच्या अपिलाची मुदत संपत असेल, तर त्याने काय करावे? या प्रश्नाचा थोडा विचार आम्ही येथे करणार आहोत.

दाद मागण्यास कालमर्यादा नसेल, तर जुनी भांडणे कधीच मिटणार नाहीत. ही मर्यादा १९६३ च्या मुदत कायद्याने घातली आहे. तथापि, अशक्य ते करावे असे कायदा कोणास सांगत नाही. म्हणूनच कलम ४ अन्वये मुदतीच्या अखेरच्या दिवशी न्यायालय बंद असल्यास, ते उघडेल त्या दिवशी आणलेला दावा वेळेतच धरला जातो. कामाच्या वेळेपैकी काही काळ जरी न्यायालय बंद राहिले, तरी तो दिवस बंदच मानतात.

पण न्यायालय उघडे आणि पक्षकार पुरात अडकलेला, असे झाले तर? तेथे कलम ५ उपयोगी पडते. विलंबास पुरेसे कारण दाखविल्यास अपील दाखल करून घेता येते. मात्र ही सवलत अपिलास व अर्जास आहे. मूळ दाव्यास नाही.

ही उणीव महामारीच्या काळात विशेष जाणवली असती. परंतु २३ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून, राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२ चा आधार घेऊन, सर्व मुदती वाढविल्या. पुढे १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा सारा काळ मुदतीच्या गणनेतून वगळण्यात आला. दूरदृश्य पद्धतीने सुनावणी घेण्याविषयीही ६ एप्रिल २०२० रोजी निर्देश दिले गेले. सिंधेचा पूर याच काळातला. म्हणून त्या शेतकऱ्याचा हक्क बुडाला नसता.

पुढचा पूर मात्र अशा सवलतीच्या काळातच येईल, असे नाही. तेव्हा अखेरच्या दिवसाची वाट पाहू नये, दस्तऐवजांच्या प्रमाणित नकला सुरक्षित ठेवाव्यात, आणि विलंब झालाच तर त्याचे कारण पुराव्यानिशी मांडावे. न्यायालय अडचण समजून घेते. पण ती सांगावयास आपणच गेले पाहिजे.