प्रोसेसर तापला, म्हणजे बिघडला का?

प्रश्न : व्हिडिओ एडिटिंग करताना माझ्या डेस्कटॉपच्या प्रोसेसरचं तापमान ८५ अंशांवर जातं. तो जळेल का? कॅबिनेट उघडं ठेवून टेबल फॅन लावला तर चालेल?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : जड काम चालू असताना ८५ अंश सेल्सिअस हा बिघाड नव्हे. इंटेलच्या अनेक डेस्कटॉप प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० अंश असते, एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतील बहुतेकांची ९५. मर्यादा गाठताच प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, त्याहीपुढे संगणक बंद होतो. जळण्याची भीती त्यामुळे अनाठायी आहे. काम नसतानाही तापमान ७०वर राहत असेल, तर मात्र कारण शोधावे.

बहुतेक वेळा ते धूळच असते. हीटसिंकच्या पट्ट्यांमध्ये तिचा गोधडीसारखा थर बसतो आणि हवा अडते. वीजजोडणी काढून, पंख्याचे पाते बोटाने धरून ब्लोअर मारावा. पाते मोकाट फिरल्यास बेअरिंगला इजा होऊ शकते. फरक पडला नाही, तर जुनी थर्मल पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मटारच्या दाण्याएवढी नवी लावावी. टेबल फॅन तात्पुरता ठीक, पण उघड्या कॅबिनेटमध्ये धूळ अधिकच शिरते. एवढे करूनही संगणक मध्येच बंद पडत असेल, तर कूलरची बसवणी तंत्रज्ञाकडून तपासून घ्यावी.