फोड तोंडात, धोका डोळ्यांना

प्रश्न : आईचं वय ६८. तोंडात वारंवार फोड येतात; निदान म्युकस मेम्ब्रेन पेम्फिगॉइड. आता डोळे सतत लाल असतात, खुपतात. कोरडेपणाचे ड्रॉप्स पुरेत का?

उत्तर : नाही. या आजारात प्रतिकारशक्ती श्लेष्मल आवरणाला खालच्या थराशी धरून ठेवणाऱ्या प्रथिनांवरच उलटते. डोळ्यात फोड सहसा दिसत नाही, दिसते ती लाली; म्हणून ती साधी वाटते. आत मात्र व्रण धरत जातो. खालची पापणी ओढून आईंना वर बघायला सांगितलं, तर पापणीमागची खोबण उथळ झालेली किंवा मध्येच पट्ट्यासारखी चिकटलेली दिसू शकते. पुढे पापणी आत वळते, केस बुबुळावर घासतात, नजर जाऊ शकते. एकदा धरलेला व्रण औषधाने मागे फिरत नाही.

म्हणून ही प्रक्रिया वेळीच थांबवायला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं लागतात. ‘या वयात ती कशाला?’ ही शंका रास्त आहे. यातलं डॅप्सोन सुरू करण्याआधी रक्तातलं जी-६-पीडी हे विकर तपासावंच लागतं, मायकोफेनोलेट घेताना रक्ततपासण्या चुकवता येत नाहीत. पण हे धोके मोजता येतात, डोस बदलता येतो. ड्रॉप्सनी खुपणं कमी होईल, आतली प्रक्रिया थांबणार नाही. डोळ्याची बायोप्सी निगेटिव्ह आली तरी निर्धास्त होऊ नका. आजार असूनही ती तशी येते. दाह शमण्याआधी पापणीच्या शस्त्रक्रियेची घाईही नको, त्याने व्रण वाढू शकतो. याच आठवड्यात आईंना कॉर्नियातज्ज्ञांना दाखवा आणि दोन्ही तज्ज्ञांचं, म्हणजे त्यांचं आणि त्वचारोगतज्ज्ञांचं, आपसात बोलणं घडवून आणा.