रातांब्याच्या बियांचे तेल आणि आंघोळीचा साबण

कोकणात एप्रिल-मे महिन्यांत रातांब्याची आमसुले व आगळ घरोघरी होते. साल वापरली जाते, पण बिया बहुतेक वेळा उकिरड्यावर जातात. या बियांमध्ये वजनाच्या सुमारे २३ ते २६ टक्के स्निग्धांश असतो. पूर्वी घरातील वडीलधाऱ्या बाया हे तेल काढून मुठीत दाबून त्याचे गोळे करीत, म्हणून त्यास मुठेल म्हणतात. भेगाळलेल्या टाचांना ते लावण्याची रीत जुनीच आहे. रसायनविरहित प्रसाधनांना आज शहरात मागणी आहे. या मागणीचा लाभ बागायतदारांनी घ्यावा, पण पूर्ण माहिती घेऊनच.

तेल काढणे

बिया गर निघेपर्यंत स्वच्छ धुवाव्यात व कडक उन्हात खडखडीत वाळवाव्यात. ओलसर बियांना बुरशी येते व तेलाला कुबट वास लागतो. वाळलेल्या बियांची टरफले काढून आतील गर बारीक कुटावा आणि भरपूर पाण्यात मंद आचेवर उकळावा. तेल वर तरंगते. ते काढून गाळून घ्यावे. थंड झाल्यावर ते पांढरट पिवळसर व घट्ट होते. या पद्धतीत सगळे तेल हाती येत नाही. घाण्यावर उतारा जास्त मिळतो.

साबण म्हणजे काय?

"आमच्या साबणात कॉस्टिक सोडा नाही," असे काही विक्रेते सांगतात. हे खरे नव्हे. तेल व अल्कली यांच्या संयोगानेच साबण आणि ग्लिसरीन तयार होते. प्रमाण बरोबर असेल तर तयार साबणात मोकळा सोडा शिल्लक राहत नाही. म्हणून सर्व महत्त्व वजनाला आहे. १ किलो खोबरेल तेलास सुमारे १८३ ग्रॅम, कोकम तेलास १३५ ग्रॅम आणि एरंडेलास १२८ ग्रॅम सोडा लागतो. तेल बदलले की हिशेबही बदलतो.

साहित्य (१ किलो तेलासाठी)

खोबरेल तेल ७०० ग्रॅम, कोकम तेल २०० ग्रॅम, एरंडेल १०० ग्रॅम, शुद्ध कॉस्टिक सोडा १५६ ग्रॅम, पाणी ३२० ग्रॅम.

वरील तेलांना पूर्ण हिशेबाने १६८ ग्रॅम सोडा लागतो. आपण तो मुद्दाम ७ टक्के कमी घेतो. त्यामुळे थोडे तेल साबणात मोकळे राहते व त्वचा कोरडी पडत नाही. खोबरेलामुळे खाऱ्या व जड पाण्यातही फेस येतो, कोकम तेलाने वडी टणक होते. मापट्याने किंवा वाटीने मोजू नये. १ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा वापरावा.

कृती

१) स्टीलच्या भांड्यात पाणी घेऊन त्यात सोडा थोडा थोडा टाकावा. सोड्यावर पाणी कधीही ओतू नये. उकळी फुटून अंगावर उडते. ॲल्युमिनियमचे भांडे वापरू नये. सोडा ते खातो व ज्वालाग्राही वायू निघतो.
२) तेले एकत्र करून कोमट करावीत. तेल व द्रावण दोन्ही ४० ते ४५ अंश सेल्सिअसवर आल्यावर द्रावण बारीक धारेने तेलात सोडावे.
३) सतत ढवळावे. मिश्रण पातळ पिठल्यासारखे झाले की कागद अंथरलेल्या लाकडी साच्यात ओतावे.
४) सुमारे २४ तासांनी, घट्ट होताच, हातमोजे घालून वड्या पाडाव्यात व सावलीत, हवेशीर जागी ४ ते ६ आठवडे मुरवाव्यात. साधारण १०० ग्रॅमच्या १२ वड्या मिळतात.

वडीत पांढरे खडे किंवा पाण्याचे पाझर दिसल्यास ती घाण वापरू नये.

दक्षता

रबरी हातमोजे व चष्मा घातल्याशिवाय सोड्याला हात लावू नये. काम उघड्या हवेत करावे, मुले व गुरे दूर ठेवावीत. सोड्याच्या डब्यावर ठळक नाव लिहून तो कुलपात ठेवावा. मीठ-साखर समजून घात होऊ शकतो. त्वचेवर किंवा डोळ्यांत गेल्यास लिंबू-व्हिनेगर न लावता किमान २० मिनिटे वाहत्या पाण्याने धुवावे. डोळ्यांत गेल्यास त्यानंतर तातडीने दवाखाना गाठावा.

विक्रीपूर्वी

घरच्या वापरापुरता साबण करणे वेगळे आणि विकणे वेगळे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० आणि सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० यांनुसार विक्रीसाठी आंघोळीचा साबण बनवण्यास परवाना लागतो. जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासन कार्यालयात आधी चौकशी करावी. वेष्टनावर घटक, वजन, उत्पादनाची तारीख व परवाना क्रमांक स्पष्ट छापावा. "खरूज-नायटा बरा होतो" असे दावे करू नयेत. प्रसाधनांची प्राण्यांवरील चाचणी आपल्या देशात २०१४ पासून बंद आहे. तेव्हा तीच आपली खासियत म्हणून मिरवण्यात अर्थ नाही. बिया कोणत्या बागेतल्या, तेल कोणी काढले आणि तिला मजुरी काय दिली, हे सांगता आले तर गिऱ्हाईक टिकते.

महिला बचत गटांनी पहिल्या वर्षी एकच घाण करून वड्या घरी वापरून पाहाव्यात. वजन, तापमान व तारीख वहीत टिपावी. येत्या हंगामात मात्र बिया उकिरड्यावर टाकू नयेत, धुऊन वाळत घालाव्यात.