शिक्षणाची नोंद कामाच्या जागी कशी पोहोचते?

भारताच्या १९४८ च्या कारखाना अधिनियमातील २२ व्या कलमात एक लहानशी परंतु अर्थपूर्ण तरतूद होती. यंत्र चालू असताना त्याची तपासणी करणे अपरिहार्य असेल, तर ते काम विशेष शिक्षण दिलेल्या प्रौढ पुरुष कामगारानेच करावे, त्याचे कपडे अंगाला घट्ट बसणारे असावेत, आणि त्याचे नाव त्यासाठी विहित केलेल्या नोंदवहीत लिहिलेले असावे, असा तो दंडक होता. शिक्षण, नोंद आणि काम या तीन गोष्टी येथे एका सूत्रात ओवल्या गेल्या. कारण उघड आहे. माणूस शिकला, परंतु त्याची नोंद झाली नाही, तर काम वाटणाऱ्यास ते कळावयाचे कसे? आणि नोंद झाली, परंतु काम वाटताना ती कोणी पाहिलीच नाही, तर ती असून नसल्यासारखीच होय.

वहीची जागा आता संगणकाने घेतली आहे. मूळ प्रश्न मात्र तोच राहिला आहे. किंबहुना तो अधिक गुंतागुंतीचा झाला आहे. वही एकच होती. संगणकावरील नोंदी मात्र अनेक ठिकाणी विखुरलेल्या असतात. या विखुरलेल्या नोंदी एकमेकींशी जोडावयाच्या कशा, याचा विचार या पाठात करावयाचा आहे.

१. तीन निरनिराळ्या प्रणाली

समजा, चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरच्या औद्योगिक पट्ट्यात एक कारखाना आहे. तेथे मालाचे जड खोके उचलून नेणारी फोर्कलिफ्ट नावाची वाहने चालतात. ज्याने प्रशिक्षण घेऊन परीक्षा दिली आहे व ज्याचा दाखला मुदतीत आहे, अशाच कामगाराने ते वाहन चालवावे, असा कारखान्याचा नियम आहे.

अशा कारखान्यात बहुधा तीन प्रणाली नांदत असतात. पहिली आस्थापना विभागाची. तीत नेमणूक, पगार, रजा व बदली यांची माहिती असते. दुसरी पाळ्यांची. कोणी, कोणत्या दिवशी, कोणत्या यंत्रावर काम करावयाचे हे ती ठरविते. तिसरी अध्ययन-व्यवस्थापन प्रणाली. पाठ दाखविणे, प्रश्न विचारणे, गुण देणे आणि कोण कोठवर आला याची नोंद ठेवणे, ही तिची कामे होत. २००२ साली ऑस्ट्रेलियातील मार्टिन डुगिआमास यांनी प्रसिद्ध केलेली ‘मूडल’ ही या प्रकारातील सर्वपरिचित व सर्वांस मुक्तपणे वापरता येणारी प्रणाली आहे.

काही उत्पादक या सोयी एकत्रच पुरवितात. चेन्नईतील झोहो ही कंपनी १९९६ साली ‘अ‍ॅडव्हेंटनेट’ या नावाने सुरू झाली व २००९ साली तिने आजचे नाव धारण केले. तिच्या कर्मचारी-व्यवस्थापनाच्या प्रणालीत हजेरी व रजेबरोबर प्रशिक्षणाचाही विभाग आहे. तथापि पुष्कळ जुन्या आस्थापनांत या प्रणाली वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या विक्रेत्यांकडून आलेल्या असतात. त्या मोडून सर्व काही नव्याने उभारणे परवडत नाही. म्हणून जोडणी करावी लागते.

२. माणूस एक, नावे अनेक

जोडणीतील पहिली अडचण यंत्राची नसून नावाची आहे. मराठी माणूस स्वतःचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव या क्रमाने लिहितो. तमिळ प्रदेशात आडनावाची प्रथा सर्वत्र नाही. वडिलांच्या नावाचे आद्याक्षर आधी व स्वतःचे नाव नंतर, अशी तेथील सर्वसामान्य रीत आहे. मुरुगन यांचा मुलगा सेल्वम हा स्वतःस ‘एम. सेल्वम’ म्हणवितो. परंतु संगणकाच्या तक्त्यात ‘आडनाव’ हा रकाना भरल्यावाचून पुढे जाता येत नसेल, तर तोच ‘सेल्वम मुरुगन’ होतो. शिवाय तमिळ लिपीत च आणि स या ध्वनींना एकच अक्षर आहे. त्यामुळे रोमन लिपीत लिहिताना एक कारकून ‘सेल्वम’ लिहील, तर दुसरा ‘चेल्वम’. आपल्या दृष्टीने माणूस एक. संगणकाच्या दृष्टीने तिघे.

याचा परिणाम केवळ कागदोपत्री नसतो. सेल्वम परीक्षा उत्तीर्ण होतो, पण पाळ्यांच्या यादीत तो अप्रशिक्षितच दिसतो. त्याचे काम दुसऱ्यास मिळते व त्याचा अधिक मजुरीचा दिवस बुडतो. उलटपक्षी, एकसारख्या नावाच्या दोघांची नोंद एकत्र झाली, तर न शिकलेला माणूस त्या वाहनावर बसतो. पहिल्या चुकीत अन्याय आहे, दुसरीत प्राणभय.

म्हणून पहिला नियम असा की, जोडणी नावावरून करू नये. आस्थापना विभागाने दिलेल्या, कधीही न बदलणाऱ्या व दुसऱ्यास पुन्हा न दिल्या जाणाऱ्या क्रमांकावरून करावी. नवा माणूस आला, बदलला किंवा नोकरी सोडून गेला, ही वार्ता आस्थापना विभागाकडूनच इतरत्र जावी. अशी वार्ता देण्याची एक सर्वमान्य पद्धती ‘स्किम’ या नावाने ओळखली जाते. तिचे सध्याचे रूप २०१५ साली निश्चित झाले.

प्रवेशाच्या वेळी ओळख पटविण्याची पद्धती निराळी आहे. २००५ साली मान्य झालेल्या ‘सॅम्ल’ या मानकाची दुसरी आवृत्ती तिचे उदाहरण होय. कामगार आपला परवलीचा शब्द संस्थेच्या मुख्य ओळख-केंद्रापाशीच देतो. ते केंद्र अध्ययन-प्रणालीकडे ‘हा अमुक क्रमांकाचा कर्मचारी आहे’ अशी स्वाक्षरीयुक्त चिठ्ठी धाडते. परवलीचा शब्द अध्ययन-प्रणालीस कधी कळतच नाही, आणि कामगारासही दहा शब्द पाठ करावे लागत नाहीत.

३. ‘पूर्ण’ म्हणजे काय?

माणूस ओळखला, आता त्याने काय केले ते सांगावयाचे. येथे दुसरी अडचण उभी राहते. अमेरिकन शासनाच्या एका उपक्रमातून ‘स्कॉर्म’ नावाचे मानक निघाले. कोणीही रचलेला पाठ कोणत्याही अध्ययन-प्रणालीत चालावा, हा त्याचा हेतू. त्याच्या २००१ सालच्या १.२ या आवृत्तीत पाठाची स्थिती लिहिण्यास एकच रकाना होता. ‘उत्तीर्ण’, ‘पूर्ण’, ‘अनुत्तीर्ण’, ‘अपूर्ण’, ‘चाळला’ आणि ‘आरंभ नाही’ या सहा शब्दांपैकी एकच त्यात लिहिता येई. पाठ शेवटपर्यंत पाहणे व त्याची परीक्षा उत्तीर्ण होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पण रकाना एक असल्याने त्यांची सरमिसळ होई. २००४ च्या आवृत्तीत ही उणीव दूर झाली व पूर्णतेस एक आणि यशास एक असे दोन स्वतंत्र रकाने आले.

हा भेद चेन्नईतच उत्तम रीतीने पाहावयास मिळतो. भारतीय तंत्रज्ञान संस्था, मद्रास येथून ज्याच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांचे संयोजन होते, त्या ‘एन.पी.टी.ई.एल.’ या राष्ट्रीय उपक्रमाचा आरंभ २००३ साली झाला. तेथील व्याख्याने कोणासही विनामूल्य ऐकता येतात. परंतु प्रमाणपत्र हवे असल्यास साप्ताहिक स्वाध्याय करून नियत केंद्रावर प्रत्यक्ष परीक्षेस बसावे लागते. अंतिम गुणांत स्वाध्यायांचा वाटा २५ व परीक्षेचा ७५ असतो. व्याख्यान ऐकणारे अनेक, प्रमाणपत्र मिळविणारे त्यांतील काही. दोघांसही ‘पूर्ण’ हा एकच शब्द लावणे अनुचित होईल.

२०१३ साली ‘एक्स-ए-पी-आय’ हे आणखी एक मानक आले. त्यात प्रत्येक नोंद व्याकरणातील वाक्याप्रमाणे असते: कर्ता, क्रियापद व कर्म. ‘क्रमांक ४१२ ने फोर्कलिफ्टची चाचणी उत्तीर्ण केली’, असे तिचे स्वरूप. वर्गाबाहेर, प्रत्यक्ष यंत्रावर घेतलेले शिक्षणही असे नोंदविता येते. तथापि क्रियापद नेमके असले, तरच वाक्याला अर्थ येतो. म्हणून दुसरा नियम असा की, कोणत्या शब्दाने कोणास कोणत्या कामाचा अधिकार मिळतो, हे संगणकतज्ज्ञांनी नव्हे, तर त्या कामाच्या जाणकारांनी आधी लेखी ठरवावे.

४. निरोप, पोच आणि ताळा

नोंद एका प्रणालीतून दुसरीत नेण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत. पहिल्या मार्गात दिवसभराच्या नोंदी रात्री एकगठ्ठा पाठविल्या जातात. तो साधा व स्वस्त आहे. पण सकाळी १० वाजता उत्तीर्ण झालेला कामगार दुपारच्या पाळीत अपात्रच दिसतो. दुसऱ्या मार्गात प्रत्येक नोंद होताच निरोप धाडला जातो. तो वेगवान आहे. पण संपर्क तुटल्यास निरोप हरवतो, आणि पुन्हा धाडल्यास तोच दोनदा पोहोचण्याचा संभव असतो.

यावरील उपाय टपालखात्याच्या परिचयाचाच आहे. प्रत्येक निरोपास स्वतंत्र क्रमांक द्यावा. पोच मिळेपर्यंत तो पुनःपुन्हा पाठवावा. एकाच क्रमांकाचा निरोप दुसऱ्यांदा आल्यास घेणाऱ्याने तो बाजूस ठेवावा. शिवाय दिवसातून एकदा दोन्हीकडच्या नोंदींचा ताळा करावा.

घड्याळाकडेही लक्ष हवे. अनेक प्रणाली जागतिक प्रमाणवेळ पाळतात. ती भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे आहे. ३१ मार्चअखेर संपणारा दाखला त्या वेळेप्रमाणे मोजला, तर तो आपल्याकडे १ एप्रिलच्या पहाटे साडेपाचपर्यंत वैध दिसेल. रात्रपाळीच्या कारखान्यात ही चूक दर वेळी घडत राहील, आणि दिवसा तपासणाऱ्यास ती कधीच आढळणार नाही.

संपर्क तुटलेला असताना पाळीप्रमुखास काय दिसावे, हेही पूर्वीच ठरविणे अगत्याचे आहे. ‘अपात्र’ व ‘माहिती उपलब्ध नाही’ हे दोन निराळे शब्द आहेत. शेवटची नोंद केव्हा आली, ती वेळ पडद्यावर असावी. म्हणजे निर्णय घेणाऱ्यास माहिती ताजी की शिळी ते कळेल.

५. जोडणीची मर्यादा

जोडता येते म्हणून सर्वच माहिती जोडू नये. पाळीप्रमुखास फक्त दोन गोष्टी हव्या असतात: हा मनुष्य या कामास पात्र आहे काय, आणि केव्हापर्यंत. तो किती वेळा नापास झाला, कोणत्या प्रश्नावर अडखळला, हे प्रशिक्षकाचे क्षेत्र आहे. शिकताना होणाऱ्या चुका वरिष्ठांच्या डोळ्यांपुढे जाणार असतील, तर कामगार प्रश्न विचारण्याचेच टाळील. २०२३ साली संमत झालेल्या वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यामागेही, माहिती विशिष्ट हेतूपुरतीच वापरावी, हे तत्त्व आहे.

तसेच नोंद चुकली असल्यास कामगाराने कोणाकडे जावे, हे त्यास त्याच्या भाषेत सांगितलेले असावे. चूक दुरुस्त करणारा मनुष्य नेमलेला नसेल, तर प्रणाली कितीही अचूक असो, तिची एखादी चूक एखाद्याच्या पोटावर येते.

सारांश, जोडणीचे बरेचसे काम तारा व आज्ञावलींचे नसून अर्थनिश्चितीचे आहे. माणूस कोणता, ‘उत्तीर्ण’ म्हणजे काय, मुदत कोणत्या घड्याळाने मोजावयाची, या प्रश्नांची उत्तरे आधी कागदावर उतरली, तर यंत्रे ती इमानाने पाळतात. न उतरली, तर यंत्रे गोंधळच अधिक वेगाने पसरवितात. पहिला प्रयोग म्हणून एकच विभाग, एकच काम व एकच दाखला घ्यावा. महिनाभर जुनी नोंदवही व नवी जोडणी शेजारी शेजारी चालवावी आणि दोहोंतील प्रत्येक फरकाचे कारण शोधावे. फरक उरेनासे झाले, म्हणजे वही मिटण्यास हरकत नाही.