यात गहू आहे का? ग्राहकाच्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर

आपल्या समाजातील असंख्य बंधू खाण्यापिण्याच्या धंद्यात आहेत. कुणाची बेकरी आहे, कुणाचे कबाबचे दुकान. कुणी हलवाई, कुणी मसाल्याचा व्यापारी, तर कुणी लग्नाच्या देगा उतरविणारा भटारी आहे. या मंडळींना अलीकडे एक नवीनच प्रश्न विचारला जातो: "यात गहू आहे का?" बहुतेक ठिकाणी "नाही हो, बिनधास्त खा" असे उत्तर मिळते. उत्तर देणाऱ्याची नियत वाईट नसते, पण विचारणाऱ्याच्या जिवाशी या प्रश्नाचा काय संबंध आहे हे त्याला ठाऊक नसते. हा संबंध कोणता, गहू कोठे कोठे लपलेला असतो आणि खरे उत्तर कसे द्यावे, याचा विचार आम्ही या लेखात करणार आहोत.

आजार कोणता?

या आजाराचे नाव सीलियाक. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. कणीक मळल्यावर ती ताणली जाते, तुटत नाही, पाव फुगतो आणि नान लांबते, ती सगळी करामत ग्लुटेनची. सर्वसाधारण माणसाला त्यापासून काहीच त्रास नाही. परंतु काही लोकांच्या शरीरात जन्मतः अशी ठेवण असते की ग्लुटेन पोटात गेले की शरीराची संरक्षक शक्ती आपल्याच लहान आतड्यावर हल्ला करते. आतड्याच्या आतील बाजूस मखमलीच्या लवीसारखे बारीक अंकुर असतात. अन्नातील सत्त्व तेच शोषून घेतात. हे अंकुर झडून आतडे सपाट होते. मग माणूस पोटभर जेवतो, पण अंगाला काही लागत नाही.

गव्हाचा हा दोष हॉलंडमधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी दाखवून दिला. त्यांना गव्हाविषयी आधीपासून शंका होती. १९४४-४५ च्या हिवाळ्यात महायुद्धामुळे तेथे अन्नाचा दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला. अशा उपासमारीतही या आजाराची मुले सुधारताना दिसली आणि पाव परत मिळू लागल्यावर पुन्हा खालावली. १९५० साली डिके यांनी आपला प्रबंध सादर केला. तेव्हापासून आजपर्यंत या आजारावर एकच इलाज आहे: गहू, जव आणि राय जन्मभर बंद.

हा गोऱ्यांचा आजार आहे, असा समज आपल्याकडे होता. तो खरा नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत उत्तर भारतात शंभर माणसांमागे एकाहून थोड्या अधिक जणांच्या रक्तात या आजाराच्या खुणा आढळल्या, तर दक्षिणेत हजारामागे एकाच्या. उत्तरेत गव्हाची रोटी रोजची, दक्षिणेत भात, हे त्यामागचे एक कारण समजले जाते. मालेगाव आणि भिवंडीतील कित्येक विणकर कुटुंबांचे पूर्वज उत्तर प्रदेशातून आले, आणि त्यांच्या दस्तरखानावर रोटी आजही मुख्य आहे. तेव्हा हा आजार आपल्या मोहल्ल्यात नसेल, असे समजून चालणार नाही.

जोडून येणारी दुखणी

सीलियाक म्हणजे जुलाब आणि फुगलेले पोट, एवढेच पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात अनेक रुग्णांना पोटाची तक्रार फारशी नसते. आजार दुसऱ्याच दाराने समोर येतो. तो असा:

१) अंगात रक्त कमी असणे. महिनोन्महिने लोहाच्या गोळ्या घेऊनही रक्त वाढत नाही, कारण लोह शोषणारे आतडेच झडलेले असते.

२) मुलाची उंची न वाढणे, वजन न भरणे, वयात येण्यास उशीर होणे. "घराणेच ठेंगणे आहे" म्हणून अशी मुले वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहतात.

३) हाडे ठिसूळ होणे. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व अंगी लागत नाही.

४) लहानपणी जडणारा, इन्सुलिन घ्यावे लागणारा मधुमेह आणि थायरॉइडची काही दुखणी. ही सीलियाकची सख्खी भावंडे म्हणावीत. एक असले की दुसऱ्याची शक्यता वाढते.

५) कोपर, गुडघे, पाठ व कुल्ल्यांवर खूप खाजणारे बारीक फोड, तोंडात वारंवार येणारे छाले, दातांच्या चकाकीत दोष.

६) स्त्रियांना गर्भ न राहणे किंवा वारंवार गर्भपात होणे. अशा वेळी सुनेला बोल लावण्यापूर्वी तपासणी करून घेणे हे माणुसकीचे काम आहे.

७) हातापायांना मुंग्या येणे, चालताना तोल जाणे, यकृताच्या तपासणीत दोष दिसणे. पथ्य न पाळणाऱ्यांत क्वचित आतड्याचा कर्करोगही होतो.

याचा अर्थ प्रत्येक अशक्त माणसाला सीलियाक आहे असा नव्हे. मात्र ही लक्षणे उपचारांना दाद देत नसतील तर डॉक्टरांना या आजाराविषयी जरूर विचारावे. प्रथम रक्ताची तपासणी होते. नंतर बहुधा दुर्बिणीने आतड्याचा बारीक तुकडा काढून पाहतात. एक गोष्ट ध्यानात ठेवावी: तपासणीपूर्वी गहू बंद करू नये. बंद केल्यास रक्तातील खुणा पुसल्या जातात आणि आजार सापडत नाही. घरात एकास आजार निघाला तर आईवडील, भावंडे व मुलांचीही तपासणी करावी. शंभर जवळच्या नातेवाइकांत सुमारे सात ते दहा जणांना तो असतो. हा आजार संसर्गाने पसरत नाही.

किती गहू पुरेसा होतो?

व्यापारी बंधूंना वजनमापाची भाषा लवकर कळते, म्हणून त्याच भाषेत सांगतो. पावाच्या एका स्लाइसमध्ये अंदाजे दोन ग्रॅम ग्लुटेन असते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रोज फक्त ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने दिल्यावर रुग्णांच्या आतड्याला इजा झालेली दिसली. म्हणजे त्या स्लाइसचा चाळिसावा भाग, हातावर घेतला तर चुरा. "एवढ्याशाने काय होते?" या बोलण्याला येथे अर्थ उरत नाही. त्रास त्याच दिवशी दिसेल असेही नाही. रुग्ण हसत निघून जातो आणि नुकसान आत चालू राहते.

लपलेला गहू

रोटी, पाव, नानखटाई, समोसा, जिलेबी यांत गहू आहे हे सर्वांना दिसते. धोका आहे तो न दिसणाऱ्या गव्हाचा. धंद्यानुसार पाहू.

भटारखाना: बिर्याणी तांदळाची, म्हणून निर्धास्त, असे वाटते. पण दम देताना देगेचे तोंड कणकेने बंद करतात आणि झाकण उघडताना तिचे तुकडे भातात पडतात. अशा गिऱ्हाइकासाठी लहान पातेले वेगळे ठेवून झाकणावर वजन ठेवले तरी दम बसतो. तयार बिरिस्ता कुरकुरीत राहावा म्हणून काही ठिकाणी कांद्याला मैदा लावतात. रस्सा दाट करण्यासाठीही मैदा पडतो. हलीम आणि खिचडा तर गव्हाचेच. हलीममध्ये बहुधा जवही असतो.

कबाब आणि तळण: सीख कबाब सुटू नये म्हणून पावाचा चुरा किंवा मैदा मिसळतात. शामी कबाब चण्याच्या डाळीचा असला तरी पाव भिजवून घालणारे कारागीर आहेत. ज्या कढईत समोसे तळले त्याच तेलात बेसनाची भजी तळली तर तीही रुग्णाच्या कामाची राहत नाहीत. ज्या तंदूरमध्ये नान लागते तेथे टिक्क्यावरही पीठ उडते. सोया सॉस बहुतेक गहू घालूनच बनतो.

हलवाई: गुलाबजाममध्ये मैदा असतो. चिकाचा हलवा व कुरडया गव्हाच्याच. आइस्क्रीमचा कोन मैद्याचा. शीरखुर्म्याच्या शेवया गव्हाच्या असतात. त्याऐवजी तांदळाच्या शेवया वापरता येतात.

मसाला आणि किराणा: बाजारातील बंधानी हिंगात डिंकाबरोबर बहुधा गव्हाचे पीठ किंवा मैदा असतो. डाळीला हिंगाची फोडणी दिली की डाळही गेली. काही हिंग तांदळाच्या पिठाचे मिळते. पाकीट वाचून घ्यावे. सत्तू चण्याचे की जवाचे, हे विचारावे. माल्ट म्हणजे बहुधा जवाचेच. दुधात घालण्याच्या कित्येक पावडरींत ते असते. तलबीना ही जवाची खीर आपल्याकडे आजाऱ्यास प्रेमाने देतात. सीलियाकच्या रुग्णास मात्र ती देऊ नये. औषधालाही परहेज असते, हे आपले हकीमसाहेबही सांगतात.

चक्की: ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, तांदूळ, चणे ही धान्ये मुळात निर्दोष आहेत. पण गव्हाच्या दळणानंतर त्याच जात्यावर ज्वारी पडली तर पहिल्या पिठात गहू येतोच. ज्या चक्कीत गहू दळला जात नाही ती शोधावी, किंवा घरघंटी फक्त या धान्यांसाठी राखावी.

लई आणि खळ: पुस्तकबांधणी, पुठ्ठ्याचे खोके, पतंग यांचे कारागीर मैद्याची लई वापरतात. आमच्या कापडाच्या धंद्यात ताण्याला पिष्टाची खळ देतात. हा आजार तोंडावाटे जाणाऱ्या ग्लुटेनने होतो, कापडाला किंवा लईला हात लागल्याने नव्हे. रुग्ण कारागिराने जेवणापूर्वी हात साबणाने धुवावेत आणि लईचे बोट तोंडात घालू नये, म्हणजे झाले. बेकरीत व चक्कीत मात्र पीठ हवेत उडते आणि श्वासाबरोबर घशात उतरते, म्हणून अशा रुग्णाने ते काम टाळलेले बरे.

कायदा काय सांगतो?

पाकीटबंद मालावर गहू, जव, राय, ओट्स यांसारखी ग्लुटेनची धान्ये असतील तर ती लेबलावर स्पष्ट जाहीर करावीत, असे २०२० चे लेबलविषयक नियम सांगतात. "ग्लुटेन फ्री" लिहायचे असेल तर एक किलो मालात २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असता कामा नये. आम्ही तर गहू घातलाच नाही, एवढ्यावर हे शब्द छापणे धोक्याचे आहे. कच्चा माल, जागा व भांडी वेगळी हवीत आणि प्रयोगशाळेचा दाखला हवा. ही तयारी नसेल तर "तांदळाची नानखटाई" एवढेच लिहावे आणि "येथे गव्हाचे पदार्थही बनतात" हे त्याखाली जोडावे. जो पूर्ण तयारी करील त्याला मात्र कायमचे गिऱ्हाईक मिळेल. कारण अशा कुटुंबाला एकदा भरवशाचे दुकान सापडले की ते लांबूनही तेथेच येते.

उत्तर कसे द्यावे?

दुकानात याची तीन उत्तरे ठरवून ठेवावीत आणि गल्ल्यावरच्या मुलालाही ती शिकवावीत. पहिले: "होय, यात गहू आहे." दुसरे: "नाही, आणि भांडी, तेल, तवाही वेगळा आहे." तिसरे: "गहू घातलेला नाही, पण त्याच कढईत तळले आहे. तुम्हाला चालत नसेल तर घेऊ नका." चौथे उत्तर, म्हणजे अंदाजाने "नाही" म्हणणे, दुकानातून बंद करावे. कशात काय पडते याचा एक कागद कारागिराकडून लिहून घेऊन भिंतीवर लावावा. त्याला खर्च काहीच नाही.

आमच्या धंद्यात सुती म्हणून पॉलिएस्टर मिसळलेले कापड दिले तर गिऱ्हाइकाचे पैसे बुडतात, पैसे परतही करता येतात. मुलाच्या वाढीची गेलेली वर्षे परत करता येत नाहीत.

मुस्लिम व्यापाऱ्याला हे समजणे अवघड नाही. परगावी गेल्यावर आपण हॉटेलवाल्याला विचारतो, गोश्त जबीहा आहे का? बिस्किटात कसली चरबी आहे? आणि आपली अपेक्षा असते की समोरच्याने त्याला हसू नये, टाळाटाळ करू नये, खरे सांगावे. तोच हक्क आपल्या दुकानात आलेल्या त्या मातेचा आहे, मग ती कोणत्याही धर्माची असो. मदिनेच्या बाजारात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या राशीत हात घातला असता आत ओल लागली, आणि ओला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, असे त्यांनी विक्रेत्यास विचारले, हा प्रसंग सर्वांना माहीत आहे. मालाचा न दिसणारा भाग गिऱ्हाइकाला सांगणे हा आपल्याकडे व्यापाराचा पाया आहे. आज ही ओल कणकेच्या तुकड्याच्या आणि हिंगातल्या मैद्याच्या रूपाने आहे, एवढाच फरक.

घरी आणि दावतीत

शेवटी आणखी एक सूचना. दावतीत कुणी नान नाकारली तर "एक घास खा, बिस्मिल्लाह म्हणा, काही होत नाही" असा आग्रह धरू नये. पाहुणचार त्याच्या पथ्याप्रमाणे करावा. आपल्या कोकणी भगिनींचे सांदण आणि तांदळाची भाकरी, खानदेश-मराठवाड्याची ज्वारी-बाजरी यांनी दस्तरखान भरून जाईल. इफ्तारला खजूर आणि फळे आहेतच. फक्त भजी वेगळ्या तेलात तळावीत आणि बेसन वेगळे दळलेले असावे. पोरीला हा आजार आहे म्हणून तो लग्नाच्या वेळी लपवू नये. पथ्य पाळणारी व्यक्ती बहुधा निरोगी माणसासारखेच आयुष्य जगते. लपविल्याने पथ्य मोडते आणि आजार वाढतो.

अल्लाह आपणा सर्वांना हलाल रोजीबरोबरच खरे बोलण्याची तौफिक देवो आणि आपल्या धंद्यात बरकत देवो. आमीन.