आतलं चाक

जुनी टाटा चारशे सात घरी सांभाळणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं इंजिनाबद्दल नाही, मागच्या आतल्या चाकाबद्दल आहे. मागे चार टायर; त्यातले दोन डोळ्यांसमोर, दोन त्यांच्या आड. आडच्या टायरांकडे कुणाचं लक्ष जात नाही, आणि माझी गाडी पेटता पेटता राहिली ती तिथूनच.

हिवाळ्याचे दिवस होते. कापूस फाळक्यांच्या वर चढवलेला, त्यावर जाळी बांधलेली, आणि गाडी अकोल्याच्या जिनिंगकडे निघालेली. बार्शीटाकळी सोडून थोडंच पुढे गेलो असेन, तोच एक मोटारसायकलवाला हॉर्न वाजवत शेजारी आला. “भाऊ, थांबवा गाडी! मांगच्या चाकातून धूर निंगून राह्यला!” आरशात काहीच दिसत नव्हतं. उतरून पाहतो तर डाव्या जोडीच्या फटीतून निळसर धूर, रबर जळाल्याचा वास, आणि वर सगळा कापूस. कडेच्या शेतात हरभऱ्याला पाणी चालू होतं. त्या शेतकऱ्यानं कुणी न सांगता पाइप रस्त्यापर्यंत ओढून आणला. आम्ही बाजूला उभे राहून पाणी मारत राहिलो. येणारे-जाणारे मागून कापूस उपसत राहिले. धूर बसला तरी मी पाणी थांबवलं नाही, कारण तापलेला टायर आतून धगधगत राहतो, पुन्हा पेट घेतो, कधी बऱ्याच वेळानं फुटतोही. त्या दोघांची नावंसुद्धा मला ठाऊक नाहीत, पण माझं वर्षाचं पीक त्यांच्यामुळे वाचलं.

दुसऱ्या दिवशी चाकं उतरवली. आतल्या टायरची बाजू गोलाकार घासून तिचा नायलॉनचा दोरा उघडा पडला होता, ट्यूब फ्लॅपला चिकटून वितळली होती, आणि रिमवर निळी छटा चढली होती. व्हॉल्व्हमधून हवा हळूहळू जात होती, हे एक कारण. दुसरं कारण टेप लावल्यावर कळलं. मी गाडी घेण्यापूर्वी कुठल्याशा दुकानात त्या जोडीत आत झिजलेला रिसोल टायर आणि बाहेर जवळपास नवा टायर बसवलेला होता. साइज दोघांवर एकच लिहिलेला, घेरात मात्र फरक.

जोडीतली दोन्ही चाकं एकाच हबला आवळलेली असतात, म्हणून दोघांना फेरे सारखेच घ्यावे लागतात. घेर कमी असलेला टायर प्रत्येक फेऱ्याला थोडा फरफटतो आणि मोठा त्याच्या वाट्याचंही वजन उचलतो. बैलजोडीत एक उंच आणि एक बुटका जुंपला तर जू जसं एकाच मानेवर बसतं, तसंच हे. त्यात आतल्याची हवा कमी झाली की त्याची बाजू फुगून शेजारच्या टायरला टेकते, दोघं एकमेकांना घासत जातात. शेजारी तापलेला ब्रेक ड्रम, वारा लागत नाही. मग उष्णता जाणार कुठे?

म्हणून जोडी लावताना टेप हातात घ्या. दोन्ही टायरांत सारखी हवा भरून नक्षीच्या मधोमध घेर मोजा. चारशे सातला लागणाऱ्या ७.५०–१६ किंवा ८.२५–१६ च्या टायरांत घेराचा फरक १९ मिलिमीटरच्या, म्हणजे व्यासात ६ मिलिमीटरच्या, पुढे जाता कामा नये. नायलॉन आणि रेडिअल एका जोडीत कधीही नको. रिसोलला माझा विरोध नाही. परवडत नसेल तर लावा, पण जोडीनं लावा.

आता हवा. टॉमीनं ठोकून आवाज ऐकायची आपल्याकडची पद्धत आहे. पूर्ण बसलेला टायर त्यानं कळतो, अर्धवट बसलेला कळत नाही, आणि घात अर्धवटच करतो. हवा ठरलेल्यापेक्षा पाचव्या हिश्शानं कमी झाली तर तो टायर पंक्चर समजावा, चालवू नये. हवा पाहायची ती गेजनं आणि सकाळी, गाडी हलवण्यापूर्वी. अकोल्याचा उन्हाळा पारा ४५ च्या पुढे नेतो. दुपारी चालून आलेल्या टायरात हवा जास्त दाखवली म्हणून कित्येकजण ती सोडतात. रात्री टायर थंड झाला की हवा कमी पडते आणि सकाळी त्याच टायरवर कट्टे चढतात. तापलेल्या टायरची हवा सोडू नका.

आतल्या चाकाचा व्हॉल्व्ह हाताला येत नाही, म्हणून त्याची हवा तपासली जात नाही. यावर उपाय म्हणजे बाहेरच्या डिस्कमधून काढलेली लांब नळी. जुन्या गाडीवरची सर्वांत स्वस्त आणि माझ्या मते सर्वांत मोठी सुधारणा तीच. तिला आधार देणारी क्लिप आणि तोंडावर पितळी टोपण मात्र हवंच. क्लिप नसेल तर नळी हलून हलून व्हॉल्व्हच्या मुळाशीच गळायला लागते.

पावसाळ्यात आपली काळी माती दोन टायरांच्या मध्ये भरते आणि वाळली की दगडासारखी बसते. खरा दगडही अडकतो. तो टायर कापतो, शिवाय वेगात सुटला तर मागच्या मोटारसायकलवाल्याचा जीव घेऊ शकतो. शेतातून डांबरी रस्त्याला लागलात की उतरून दोन्ही फटी पाहा.

पुढचं सांगणं सर्वांत महत्त्वाचं. चारशे सातच्या रिमला बाजूची रिंग वेगळी असते. गंजलेली, वाकलेली किंवा नीट न बसलेली रिंग हवा भरताना उडते, आणि समोरच्या माणसाला वाचायची संधीच मिळत नाही. म्हणून ट्यूब-टायर-रिंगचं काम घरी करू नका. चाक उतरवून दुकानात न्या, आणि तिथे पिंजऱ्यात किंवा निदान साखळदंडानं बांधूनच हवा भरून घ्या. लांबून, नळीला क्लिप लावून. रिंगच्या समोर तुम्हीही उभे राहू नका, पोरांनाही राहू देऊ नका. आणि बसलेल्या किंवा तापून गेलेल्या जोडीचे नट सोडण्याआधी दोन्ही टायरांची सगळी हवा व्हॉल्व्हची पिन काढून सोडा. नट ढिले होताच आतल्या हवेचा जोर रिंग बाहेर फेकू शकतो.

घरी चाक उतरवायचं तर जागा नीट निवडा. अंगणातली काळी जमीन जॅकखाली खचते. खाली फरशी किंवा जाड फळी घ्या. मागचा ॲक्सल उचलला की हँडब्रेकचा भरवसा संपतो, म्हणून आधी पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा. जॅक उचलण्यापुरता, माणूस खाली जाणार असेल तर ॲक्सलखाली घोडी हवीच. विटा रचून काम करणारे मी पाहिले आहेत. वीट फुटते तेव्हा आवाजही देत नाही.

चाक परत बसवताना दोन डिस्कच्या मधली जागा तारेच्या ब्रशनं घासा. पोळ्याला रंगरंगोटी करताना अनेकजण तिथेही जाड रंग मारतात; तो रंग दबतो आणि नट सैल पडतात. नट समोरासमोरचे आवळत जा. काही जुन्या गाड्यांना डाव्या बाजूला उलटे आटे असतात, तेव्हा जोर लावण्याआधी आटा ओळखा. मग ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा पाना लावा. अकोल्याच्या एक-दोन फेऱ्यांत एवढं अंतर होतं. नटाखालून गंजाची तांबडी रेघ निघालेली दिसली तर तो नट हलतो आहे.

आतल्या टायरच्या ड्रमकडच्या बाजूला तेलाचे ओघळ दिसले तर हब सील गेलं आहे. ते तेल लायनरवर पोहोचलं की त्या बाजूचा ब्रेक धरत नाही आणि गाडी एकीकडे ओढते. मात्र सील बदलण्याआधी ॲक्सलवरचा ब्रीदर पाहा. चिखलानं तो बुजला की आतला दाब तेल बाहेर ढकलतो, आणि नवं सीलही काही दिवसांत गळायला लागतं. ब्रीदर साफ करायला एक चिंधी आणि थोडं डिझेल पुरतं.

ब्रेकची एक परीक्षा घरबसल्या होते. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, मग पाय दाबून ठेवून इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली गेलं तर व्हॅक्यूम मिळतो आहे. नाही गेलं तर त्याचा पाइप, पंप आणि बूस्टर तपासून घ्या. भरल्या गाडीनिशी पातूरचा घाट उतरण्याआधी हे झालेलं बरं.

आता गाडीत बदल करण्याबद्दल. चारशे सात १९८६ साली आली. टोयोटा, मित्सुबिशी, माझदा, निसान यांच्याशी करार केलेल्या कंपन्यांच्या गाड्या तेव्हा तिच्यासमोर होत्या. त्यांतली काही नावं आज फक्त जुन्या ड्रायव्हरांना आठवतात. चारशे सात टिकली, कारण तिचा पार्ट तालुक्याच्या गावीही मिळतो आणि जुन्या साध्या डिझेल इंजिनाला कॉम्प्युटर लागत नाही. या टिकाऊपणामुळेच लोक तिच्यावर वाढीव पाटे चढवतात, फाळके उंच करतात, मोठे टायर घालतात. पाटे वाढवले की गाडी बसत नाही, एवढंच होतं. ॲक्सल, ब्रेक आणि टायर यांची ताकद होती तेवढीच राहते. पैसे खर्च करायचे तर आधी थांबण्यावर आणि दिसण्यावर करा: नवे लायनर, ब्रेकचे रबरी पाइप, हेडलाइटला रिले आणि जाड वायर, मागे रिफ्लेक्टर टेप. जुन्या काचेत एलईडी बल्ब कोंबला तर समोरच्याचे डोळे दिपतात आणि आपल्याला रस्ता धड दिसत नाही.

कायद्याचंही पाहा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाही; २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. जादा मालाला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी २,००० रुपये. आठ वर्षांपुढच्या गाडीचं फिटनेस दरवर्षी करावं लागतं, तेव्हा बदल लपत नाहीत. अपघात झाला तर विमा कंपनीचा माणूसही आधी आरसी बुक आणि गाडी शेजारी ठेवून पाहतो. म्हणून मोठे टायर किंवा उंच फाळके मनात असतील तर वेल्डरकडे जाण्याआधी अकोल्याच्या परिवहन कार्यालयात विचारा, आणि परवानगी मिळाली तर ती आरसीवर चढवून घ्या.