ताटातून गेलेली नागली

उल्हास खोऱ्यातील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही शहरे आज एकमेकांस जवळजवळ भिडली आहेत. पूर्वी या भागात भाताची खाचरे, वरकस माळ व रान यांचाच विस्तार होता. जमिनीचा उपयोग बदलला, तसा माणसाचा आहार व दिनक्रमही बदलला. हा बदल ग्रामसेवक व शेतकरी बंधुभगिनींनी समजून घेणे अगत्याचे आहे.

पूर्वीचा आहार : खाचरात भात, त्यानंतर ओलीवर वाल आणि वरकस उतारावर नागली व वरी, असा पिकांचा क्रम असे. घरी हातसडीचा तांदूळ, नागलीची भाकरी, वालाचे बिरडे व सुकी मासळी असे. पावसाळ्यात शेवळे, टाकळा, भारंगी, करटोली या रानभाज्या मिळत. शेवळाची खाज मोडण्यासाठी त्यात काकडाची फळे घालावीत, ही माहिती ठाकूर व कातकरी भगिनींनी जपली आहे. मात्र तो काळ सुबत्तेचा होता असे समजू नये. भात हाती येण्यापूर्वी अनेक घरांत धान्य संपत असे.

बदल कसा झाला : १९४७ च्या फाळणीनंतर सिंधी निर्वासित कल्याणच्या लष्करी छावणीत आले. १९४९ साली त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. त्यांच्याबरोबर गव्हाची कोकी व साईभाजी आली. अंबरनाथला कारखाने उभे राहिले. शेतावरचा माणूस पाळीवर जाऊ लागला. पुढे बदलापूरचा तरुण लोकलने कचेरीत जाऊ लागला. चिखलणी-लावणीचे श्रम सुटले, पण ताटातील भाताचा ढीग तेवढाच राहिला आणि तो तांदूळ गिरणीत सडून पांढराशुभ्र झाला.

हानी कोणती : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावर आइकमान या डच वैद्यास असे दिसले की, पांढऱ्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्या लुळ्या पडतात व कोंड्यासहित तांदूळ दिल्यास सुधारतात. कोंड्याबरोबर ब-१ जीवनसत्त्व निघून जाते, हे त्याचे कारण होय. शंभर ग्रॅम नागलीत सुमारे ३५० मिलिग्रॅम चुना (कॅल्शियम) असतो. तेवढ्याच पांढऱ्या तांदळात जेमतेम १०. श्रम कमी व पांढरा भात अधिक, अशा राहणीत मधुमेहाचा धोका वाढतो.

काय करावे :

१. तांदूळ हातसडीचा किंवा कमी सडलेला वापरावा. बैठे काम करणाऱ्यांनी भात कमी करून डाळ व भाजी वाढवावी.

२. आठवड्यातून तीन-चार वेळा नागलीची भाकरी किंवा आंबील घ्यावी.

३. चांगली रीत शेजाऱ्याकडूनही उचलावी. साईभाजीत पालक, चुका व हरभऱ्याची डाळ एकत्र शिजते.

४. रानभाज्या जाणकार भगिनींकडून ओळखून घ्याव्यात. अनोळखी पाला खाऊ नये.

५. वरकस जमीन पडीक असल्यास निदान घरापुरती पाच-दहा गुंठे नागली लावावी. ‘दापोली १’ ही सुधारित जात उपलब्ध आहे.

वरकस एकदा विकली की नागली दुकानातून आणावी लागते. ज्या घराने ती पिढ्यान्‌पिढ्या पिकविली, त्या घरावर ही पाळी येऊ नये. ग्रामसेवकांनी येत्या खरिपापूर्वी हा विषय गावसभेत मांडावा आणि त्या सभेस गावातील वृद्ध स्त्रियांना अवश्य बोलवावे. जुन्या आहाराची माहिती त्यांच्याइतकी इतरांस नाही.